एन टू चाळिसावर अडकला

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

धनत्रयोदशीची झुंबड सरली की हैदराबादच्या बेगम बाजारात जरा उसंत मिळते. समया, घंगाळी, हंडे-कळशा ज्या गेल्या त्यांची उधारी गोळा करायची, एवढंच काम उरतं. साडेनऊला शटर ओढलं आणि वरच्या खोलीत एक्स-प्लेन या सिम्युलेटरवर ७३७ सुरू करायला बसलो. उडायचं नव्हतंच. हल्ली मला उडण्यापेक्षा इंजिन सुरू करण्यातच जास्त रस वाटतो. घरी कुणाला हे पटत नाही.

उजवं इंजिन आधी. शेपटीतल्या एपीयूची, म्हणजे छोट्या सहायक इंजिनाची, दाबाची हवा नळीतून येते, स्टार्ट व्हॉल्व्ह उघडतो, स्टार्टरची छोटी टर्बाइन फिरते आणि गिअरबॉक्समधून इंजिनाचा आतला शाफ्ट ओढते. त्या शाफ्टचा वेग म्हणजे एन टू. तो २५ टक्क्यांवर आला की स्टार्ट लिव्हर वर करायचा. इंधन आणि ठिणगी आत जाते. मग ईजीटी, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, चढायला लागतं. सुमारे ५६ टक्क्यांवर स्टार्टर सुटतो आणि तिथून इंजिन स्वतःच्या जिवावर. जमिनीवर सुरू करताना या सीएफएम५६ इंजिनाला ७२५ अंशांची मर्यादा आहे. त्यावर गेलं तर तो हॉट स्टार्ट.

आज एक्स-प्लेनच्या बिघाडांच्या यादीत जाऊन हॉट स्टार्ट आधीच लावून ठेवला होता. लिव्हर वर केला, आकडा पळाला, लाल झाला, मी लिव्हर खाली ओढला. झालं. पुस्तकात लिहिलंय तसं सगळं केलं आणि तरी समाधान नाही. डक्ट प्रेशर, म्हणजे नळीतल्या हवेचा दाब, ठणठणीत होतं, वारा समोरून होता, एन टू नेहमीच्याच चालीनं चढत होता. मग इंजिन तापलं कशानं? मी सांगितलं म्हणून तापलं. दुसरं कारण नाही.

हेच मला खुपतं. आकडा अगदी खरा, पण त्याच्या मागे काही नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मोंथा वादळाचा पाऊस. उस्मानगंजकडून येणाऱ्या बंड्या अडकल्या, गिऱ्हाईक नाही. आमचा जुना हमाल ओट्यावर बसून विचारतो, “क्या सेठ, रात कू जहाज उड्या कि नै?” म्हटलं, “नै, खाली चालू करके बंद करा.” तो इतका हसला की विडी विझली.

दुपारी बाजार बंदच झाल्यात जमा, म्हणून वाऱ्याचा प्रयोग केला. शमशाबादची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, जुन्या बेगमपेटचीही तशीच. विमानाची शेपूट पश्चिमेला करून उभं केलं आणि मागून ३० नॉटचा वारा सोडला. खऱ्या इंजिनात मागून शिरलेला वारा पुढचा पंखा उलटा फिरवायला बघतो, आतल्या हवेचा ओघ अडतो आणि तेवढ्याच इंधनाला ईजीटी जास्त चढतं. काही वेळा विमानाचं तोंड वळवून मग इंजिन सुरू करतात ते यामुळेच. मी वापरतो त्या मॉडेलला याची खबरच नव्हती. वारा समोरून असो की मागून, स्टार्ट तोच. खिडकीबाहेर झाडं मात्र वाऱ्यानं हलत होती. ती फार सुंदर काढली आहेत.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न. भाचा गच्चीबावलीहून आला. ऊस, चिंचा, आवळे झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन वर आला. मी तक्रार सांगितली तर म्हणाला, “मामा, तक्रार कशाला करता, आत काय लिहिलंय ते बघू की.”

फ्लाइटगिअर हा फुकट सिम्युलेटर. त्याच्यामागे जेएसबीसिम नावाचं उड्डाणाचं गणित आहे, तेही कुणालाही उघडून वाचता येतं. भाच्यानं टर्बाइन इंजिनाची फाइल काढली. मी प्रोग्रामर नाही, पण खतावणी वाचणाऱ्या माणसाला ही फाइल कळायला जड नाही. इंजिनाच्या ठरलेल्या अवस्था आहेत: बंद, नुसतं फिरणं, स्टार्ट, चालू, स्टॉल, जाम. स्टार्टर लावला की एन टू सेकंदाला ३ टक्के या दरानं २५.१८ या आकड्याकडे सरकतो. इंधन सोडलं तेव्हा एन टू १५ च्या वर असला आणि टाकीत तेल असलं की स्टार्ट झालाच म्हणून समजा. तिथून सेकंदाला २ टक्के, थेट आयडलपर्यंत, म्हणजे इंजिन नुसतं चालू राहण्याच्या वेगापर्यंत. ईजीटीला एक मुक्काम दिलेला आहे: बाहेरच्या हवेचं तापमान अधिक ३६३.१ अंश. तिकडे ते सेकंदाला २१.३ अंशांनी जातं.

मी कागदावर मांडलं. आज बाहेर ३० अंश, म्हणजे ईजीटी ३९३ वर थांबणार. मे महिन्यात ४२ अंश असले तरी ४०५. ७२५ चा प्रश्नच नाही. हवा कुठून येते, तिचा दाब किती, हे या फाइलीत कुणी विचारत नाही. १५ च्या आत इंधन सोडलंत तर इंजिन सरळ बंद होतं. तापत नाही, रेंगाळत नाही, मागून ज्वाळा काढत नाही. आणि एकदा स्टार्टची पायरी लागली की एन टू वर चढतो, एवढंच त्याला माहीत. मधे अडकण्याची सोयच ठेवलेली नाही. स्टॉल आहे, पण तो एका झटक्यात येतो: ईजीटी बाहेरच्या तापमानाच्या ९०३ अंश वर, आणि थ्रॉटल पूर्ण मागे घेतला की माफ.

विमानं बनवणारे हौशी लोक यावर आपापलं गणित चढवतात, पैसे देऊन घेतलेल्या विमानांत तर बरंच चढवलेलं असतं, ती गोष्ट वेगळी. आणि या फाइलीला मी नावंही ठेवणार नाही. ती विमान उडवण्यासाठी लिहिली आहे. इंजिन सुरू होणं हा तिच्या लेखी उंबरा आहे, ओलांडायचा आणि पुढे जायचं. शिवाय तिनं काही लपवलेलं नाही. बाकीच्यांचं पोट उघडून बघायला मिळत नाही म्हणून आपण त्यांना खरं मानतो.

भाचा म्हणाला, “एक ओळ बदलली की हॉट स्टार्ट. ३६३ च्या जागी ७६३.”

म्हटलं, “तेच तर नको आहे.”

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्तिक पौर्णिमा. जांबागला काकांकडे गेलो. नात्यातले नव्हेत, वडिलांचे स्नेही. मूळचे कोल्हापूरकडचे, एअरफोर्समध्ये हकीमपेटला किरण विमानांच्या इंजिनांवर होते, नंतर इंडियन एअरलाइन्समध्ये आले आणि हैदराबादचेच होऊन गेले. किरणचा विषय निघाला की ते आधी विष्णू माधव घाटग्यांचं नाव घेतात. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्लच्या हाताखाली शिकलेला आपल्या कोल्हापूरकडचा माणूस, त्यांच्या देखरेखीखाली बंगलोरला हे जेट आखलं गेलं, ४ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडालं. हे सांगताना काकांचा स्वर असा की जणू पाना त्यांनीच दिला होता.

मी सिम्युलेटरचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला: “आवाज कसा येतो?”

म्हटलं, आवाज चांगला येतो, रेकॉर्ड केलेला.

“चांगला स्टार्ट आणि वाईट स्टार्ट यांचा वेगवेगळा येतो?”

नाही येत. दोन्हीला एकच.

मग ते बोलत सुटले. मी घरी येऊन आठवेल तसं लिहितो आहे.

जुन्या ७३७-२०० ला जेटी८डी इंजिन. राखण करायला कॉम्प्युटर नव्हता. साधारण २० टक्के एन टू झाला की लिव्हर वर, आणि मग हात लिव्हरवरच ठेवायचा, डोळा ईजीटीवर. सुई कुठवर जाईल हे ती कशी निघाली यावरून कळायचं. नव्या ७३७ मध्ये जमिनीवर हॉट स्टार्ट झाला तर इंजिनावरचा कॉम्प्युटर स्वतःच इंधन तोडतो. इंधन सोडून १५ सेकंदांत पेटलं नाही तरी तोच बंद करतो. म्हणजे मी परवा पडद्यावर लाल आकडा लांबवर पळू दिला तो त्या विमानात जमिनीवर मुळात इतका पळायलाच नको होता. काका म्हणाले, “तुझ्या खेळण्यात सत्तर सालचा बिघाड नव्वदनंतरच्या विमानात घातलाय.”

हॉट स्टार्टचं मूळ बहुतेक वेळा हवेत असतं. दाब कमी, एपीयू थकलेला, मागून वारा, किंवा आधीच्या फेरीची उष्णता आत शिल्लक. हवा कमी पडली आणि इंधन तेवढंच गेलं की तापमान चढणारच. हंग स्टार्ट हा त्याचाच भाऊ, फक्त आतल्या गाठीचा. पेट घेतो, एन टू पस्तीस-चाळिसापर्यंत येतो आणि तिथं बसतो. वर जात नाही, खालीही येत नाही. ईजीटी मात्र हळूहळू वर सरकत राहतं. “यात घाई करणाऱ्याला काही दिसतच नाही,” काका म्हणाले. “सगळे आकडे मर्यादेत असतात. फक्त पुढे जात नाहीत.”

आणि वेट स्टार्ट. इंधन गेलं, ठिणगी लागली नाही. आता ते तेल आत साचलंय. आपल्या दुकानात पूर्वी पितळी स्टोव्ह असायचे. बर्नर तापायच्या आत पंप मारला तर रॉकेल वर येऊन साचायचं आणि काडी लावली की आढ्यापर्यंत जाळ. तोच प्रकार. म्हणून इंधन तोडून, ठिणगी न देता, नुसत्या हवेवर इंजिन फिरवून ते बाहेर काढायचं. न काढता पुन्हा स्टार्ट केला तर टेलपाइपमधून ज्वाळा. आणि गंमत अशी की कॉकपिटमध्ये घंटा वाजतेच असं नाही, कारण आगीचे सेन्सर इंजिनाच्या बाहेरच्या आवरणात असतात, जळता वायू जातो त्या वाटेत नसतात. खाली उभ्या माणसानं ओरडून सांगायचं. अशा वेळी एअरबस ३२० मध्ये आगीचं बटण दाबायचं नाही, कारण त्यानं इंजिनाच्या कॉम्प्युटरची वीजच जाते आणि मग इंजिन फिरवून आग विझवता येत नाही. आग लागली आणि आगीचं बटण दाबायचं नाही! हे शिकवायला लागतं. कुणालाही आपोआप सुचणार नाही.

मी विचारलं, तुमच्या फिरोजगुड्याच्या ट्रेनिंग सेंटरातल्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये तरी बिघाडाला कारण असायचं का? मला वाटलं होतं काका ‘हो’ म्हणतील. ते म्हणाले, “छे. तिथंही मागे इन्स्ट्रक्टर बसलेला. तोही यादीतूनच लावायचा. बोट लावलं की बिघाड.”

“मग फरक काय?”

“शिकणाऱ्याला बोट दिसत नाही.”

६ नोव्हेंबर

रात्री झोप लागली नाही. काकांच्या त्या एका वाक्यानं माझी अर्धी तक्रार उडवली. कोट्यवधींच्या यंत्रातही बिघाड हुकमानंच येतो. मोठ्या सिम्युलेटरला मान्यता देण्यापूर्वी तो तपासायची युरोपातली जी नियमावली आहे, तिच्यात बिघडलेल्या स्टार्टची नावं घालून दिलेली आहेत: हॉट स्टार्ट, हंग स्टार्ट, टेलपाइपची आग. ते सगळं दाखवता आलं पाहिजे. कारणासकट दाखवा असं त्या ओळीत नाही.

उरलेली अर्धी तक्रार मात्र उडत नाही. काकांनी सांगितलेला प्रत्येक बिघाड एखाद्या गोष्टीपासून सुरू होत होता. हवा, वारा, शिल्लक उष्णता, साचलेलं तेल. यादीतला बिघाड बिघाडापासूनच सुरू होतो. बोट लपवलं तर माझ्या मनात शंका येईल, हे खरं. पण शंका आल्यावर मी डक्ट प्रेशर बघितलं आणि तिथं काहीच नसलं, तर शंकेनं जायचं कुठं?

९ नोव्हेंबर, रविवार

भाचा खालच्या खोलीत, मी वर. एक्स-प्लेनमध्ये इन्स्ट्रक्टरसाठी वेगळी खिडकी असते, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बिघाड लावता येतो. त्याला सांगितलं, सांगू नकोस, लावलास की नाही तेही सांगू नकोस. बहुतेक वेळा त्यानं काहीच लावलं नाही. आणि बहुतेक वेळा मी हात लिव्हरवर ठेवून ईजीटीकडे असा बघत होतो की बायको चहा ठेवून गेली ते कळलं नाही.

‘अमुक तासांत एक बिघाड’ असंही त्यात लावता येतं, म्हणजे माणूसच नको. ते मला आवडलं नाही. भाचा खट्याळ आहे. आकडा खट्याळ नसतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अहमदाबादला कोसळलेल्या विमानाबद्दल इतके दिवस इथं काही लिहिलं नाही. १२ जूनपासून दुकानात येणारा जो तो मला विचारायचा, कारण सगळ्यांना माझा नाद ठाऊक. मी गप्प राहायचो. २६० माणसं गेली. त्यावर ओट्यावर बसून मत देणं मला जमत नाही.

पण आज भाच्यानं एक व्हिडिओ दाखवला, कुणीतरी घरच्या सिम्युलेटरवर तेच उड्डाण करून इंजिनं पुन्हा सुरू होऊन विमान वाचतं की नाही हे ‘सिद्ध’ करत होता. म्हणून एवढंच लिहून ठेवतो. १२ जुलैच्या प्राथमिक अहवालातल्या वेळा अशा: दुपारी १ वाजून ३८ मिनिटं ४२ सेकंदांच्या सुमारास दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंदवर गेले. ५२ व्या सेकंदाला पहिल्या इंजिनाचा पुन्हा चालूवर, ५६ व्याला दुसऱ्याचा. नोंद संपते १ वाजून ३९ मिनिटं ११ सेकंदांना. दोन्ही इंजिनांत ईजीटी वाढू लागलं होतं, म्हणजे आत पेट घेतला होता. पहिल्याच्या गाभ्याची घसरण थांबून तो सावरू लागला होता. दुसरं पेटलं, पण त्याचा वेग घसरतच राहिला आणि कॉम्प्युटर पुनःपुन्हा इंधन देत राहिला.

आता आम्ही २ तारखेला वाचलेली फाइल आठवा. तिच्यात पेटलेल्या इंजिनाचा एन टू घसरूच शकत नाही. सेकंदाला २ टक्के, १५ सेकंदांत ३० टक्के, हिशेब पक्का. ‘पेटलं पण सावरलं नाही’ ही अवस्थाच त्या गणिताला ठाऊक नाही. त्या व्हिडिओतलं विमान कुठल्या गणितावर चालत होतं मला माहीत नाही, आणि दाखवणाऱ्यालाही माहीत असेल असं वाटत नाही. तरी तो छातीठोकपणे बोलत होता. मी भाच्याला बंद करायला सांगितलं.

१८ नोव्हेंबर

घरच्या हॉट स्टार्टमध्ये सर्वांत खोटं काय असेल तर त्यानंतरची शांतता. रीसेट दाबलं की इंजिन नवं. खऱ्या इंजिनानं मर्यादा ओलांडली की किती ओलांडली आणि किती सेकंद, हे लिहून ठेवावं लागतं. मग नळीतून कॅमेरा आत घालून पाती तपासायची, आणि जास्तच झालं असेल तर इंजिन उतरवायचं. विमान उभं, गिऱ्हाईक उभं. व्यापारी म्हणून मला हे आधी सुचायला हवं होतं असं बायको म्हणते. काही सिम्युलेटर-विमानं इंजिनाची झीज एका उड्डाणातून दुसऱ्यात नेतात. ज्यानं कुणी ही कल्पना काढली तो नक्की कुठल्या तरी पेढीवर बसलेला असणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज शमशाबादला सफ्रानच्या लीप इंजिनांच्या देखभाल केंद्राचं उद्घाटन झालं, पंतप्रधानांनी दिल्लीहून केलं. पूर्ण जोर धरल्यावर वर्षाला ३०० इंजिनं तिथं येणार म्हणे. एअरबस ३२० निओ आणि ७३७ मॅक्सची इंजिनं. काकांना फोन केला तर त्यांना बातमी आधीच ठाऊक. म्हणाले, “मी वीस वर्षांनी लहान असतो तर उद्याच अर्ज घेऊन गेलो असतो.”

लीपवरून बोलणं वाकलेल्या रोटरवर गेलं. इंजिन बंद केल्यावर आतली गरम हवा वर चढते, शाफ्टची वरची बाजू गरम राहते आणि खालची लवकर निवते, त्यामुळे तो केसभर वाकतो. तसाच वेगानं फिरवला तर थरथरतो, पात्यांची टोकं बाहेरच्या कड्याला घासू शकतात. म्हणून लीपमध्ये इंधन सोडण्यापूर्वी हवेवर बराच वेळ नुसतं फिरवत ठेवतात, वाक सरळ होईपर्यंत. हा बिघाड नव्हे, बिघाड होऊ नये म्हणून थांबणं. जुन्या इंजिनाची सवय असलेल्याला वाटतं, अडकलं की काय?

हे घरी कुणाला नको असतं. मी ओळखतो त्यातले बरेच जण स्टार्टच्या वेळी मोबाइल बघतात किंवा वेळ चौपट वेगानं पळवतात. मग हंग स्टार्ट आला तरी कुणाला दिसणार? चाळिसावर अडकलेला एन टू चौपट वेगातही चाळिसावरच असतो.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक महबूबनगरहून आलं, लग्नाची शंभर माणसांची भांडी. वर गेलोच नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

भाच्यानं तीन आठवडे काय केलं ते आज दाखवलं. ३६३.१ ची ओळच काढून टाकली त्यानं. त्या जागी त्याचं स्वतःचं छोटं गणित: डक्टमधल्या दाबावरून स्टार्टरचा जोर, वेग वाढेल तसा तो जोर कमी होत जातो, एन टूवरून आत येणारी हवा, आणि इंधन भागिले हवा यावरून ईजीटी कुठं जाऊन थांबणार ते. ‘हॉट स्टार्ट’ असं बटण कुठंच नाही. फक्त दाब कमी-जास्त करायची एक कळ, वारा आणि बाहेरचं तापमान.

काकांना रिक्षानं बोलावून घेतलं. बेगम बाजारात रविवारी दुपारीच गाडी शिरते, तरी छत्री चौकापासून त्यांना चालावं लागलं. जिना चढून आल्यावर पाणी प्यायले आणि खुर्ची ओढून मॉनिटरच्या इतक्या जवळ बसले की आम्हा दोघांना दिसेना.

पूर्ण दाब दिला तेव्हा स्टार्ट नीट झाला. मग भाच्यानं दाब निम्म्यावर आणला, लेहची उंची लावली, ३,२५६ मीटर, हवा पातळ. इंधन सोडलं. पेट घेतला. एन टू तीस, पस्तीस, अडतीस, आणि ४१ वर थांबला. ईजीटी ६४० वर.

मी टाळी वाजवणार होतो. काका म्हणाले, “पुन्हा.”

पुन्हा केला. ४१, ६४०.

“हे दोघं एकदम का थांबतात?” काकांनी विचारलं. “एन टू असा भिंतीला लागल्यासारखा थांबत नाही. आधी त्याची चढण मंद होते. दोन टक्के, दीड, अर्धा. माणसाला वाटतं, येतोय, येतोय. ईजीटी तेव्हाही वर सरकतच असतं. तुझा आकडा बघून कुणीही बंद करील. खरा बघून बंद करायला धीर लागतो.”

भाच्यानं वहीत लिहून घेतलं. म्हणाला, शाफ्टचं जडत्व फार कमी धरलंय बहुतेक, आणि स्टार्टरचा जोर एका ठिकाणी कापलाय तो उतरता करावा लागेल.

मग काकांनी इंधन बंद करायला सांगितलं. ईजीटी दोन सेकंदांत बाहेरच्या तापमानाला आलं. काका माझ्याकडे वळले. “तू धातूचा धंदा करतोस ना? ६४० वरून इतक्यात गार होतो?”

आम्ही दोघं गप्प. भाचा म्हणाला, “आजोबा, यात धातू धरलेलाच नाही. नुसता वायू आहे.”

“मग दुसरा स्टार्ट कसा बिघडवणार? उष्णता आत राहिली तरच ना पुढचा गरम निघेल. आत किती किलो धातू आहे ते धर. पाती निकेलच्या मिश्रधातूची, शाफ्ट पोलादाचा. बंद केल्यावर हवेवर फिरवायचं ते कशाला?”

भाचा निकेलच्या मिश्रधातूची उष्णता धरून ठेवायची क्षमता शोधतो आहे. मी म्हटलं, आधी एन टूचा उतार दुरुस्त कर, धातू नंतर. त्याचं म्हणणं उलट. जाताना काकांनी भाच्याची बाजू घेतली.